मागील भाग वाचून कायम करणे

घाटनांदूर येथील बालाघाट हलती चित्रे उत्पादक सहकारी संस्था मर्यादित हिची म्हैस सोळा वर्षांपासून तहानलेली होती, आणि त्याबद्दल एकाही सभासदाची लेखी तक्रार नव्हती.

म्हैस चित्रातली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिचं नाव चंद्री. दर रविवारी सकाळी साडेनऊला एका वाहिनीवर 'घागरी काढा' नावाची वीस मिनिटांची कार्टून मालिका लागायची. तीत कोरडवाडी नावाच्या गावात टँकर यायचा, सगळं गाव घागरी घेऊन धावायचं, आणि चंद्रीची पाळी आली रे आली की काहीतरी विघ्न उभं राहायचं. कधी ड्रायव्हर सटवाला ऐन तोटीपाशी सोयरिकीचा फोन यायचा. कधी मंत्र्यांच्या गाड्यांना वाट द्यायला टँकर शेतात घालावा लागायचा आणि तिथंच रुतायचा. एकदा तर सरपंचाच्या भाषणाला एवढ्या टाळ्या पडल्या की हादऱ्यानं तोटीच निखळली. शेवटी चंद्री कोरडी जीभ बाहेर काढून प्रेक्षकांकडे बघायची, 'ह्यँऽऽ' करून रेकायची, आणि अख्खा जिल्हा पोट धरून हसायचा. नारायणगडच्या यात्रेत तिचे फुगे विकले जायचे. पालीच्या धरणात पाणी किती उरलं हे ज्यांना ठाऊक नसायचं, त्यांनाही चंद्री गेल्या रविवारी कशामुळे तहानलेली राहिली ते तोंडपाठ असायचं.

संस्था दोन हजार तीनच्या दुष्काळात स्थापन झाली. संस्थापक अर्जुनराव. त्यांच्या थोरल्या भावाकडे साखर कारखाना होता, मधल्याकडे सूतगिरणी, मेहुण्याकडे दूध संघ. धाकट्या अर्जुनरावांच्या वाट्याला सहकारातलं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. तेव्हा ज्या वस्तूचं उत्पादन सहकारी तत्त्वावर अद्याप झालेलं नाही, अशा वस्तूंची यादी त्यांनी मागवली. यादीत दोनच नावं निघाली, विमान आणि कार्टून. विमानाला जागा फार लागते, म्हणून कार्टून ठरलं. अकरा संचालक झाले, त्यांतले नऊ घरचे. उपाध्यक्षा विमलबाई, म्हणजे अर्जुनरावांच्या सौभाग्यवती, यांनी संस्थेच्या उभारणीसाठी चंद्रीला आवाज दिला. तो एकदाच दिला. तेव्हा ध्वनिमुद्रित झालेलं ते 'ह्यँऽऽ' आजवर तसंच वापरात होतं, आणि तेवढ्यावर विमलबाईंचा दर वर्षी ज्येष्ठ कलावंत म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार व्हायचा.

चित्रं काढणारं माणूस मात्र संस्थेत एकच होतं. ते म्हणजे मनकर्णा.

मनकर्णेचं लहानपण उसाच्या फडात गेलं. दिवाळी झाली की आई-बाप टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचे, आणि ही गाडीच्या फळीवर चुलीतल्या कोळशानं बैल काढत बसायची. बैल असे हुबेहूब की एकदा मुकादम एका गाडीला दोनाऐवजी चार बैल लिहून गेला होता. चंद्री हे नाव तिनंच मालिकेत आणलं. घरी खरी चंद्री होती. एका दुष्काळात मनकर्णेच्या आईनं, बायनाबाईंनी, ती चारा छावणीत बांधली आणि स्वतः ऊसतोडीला गेल्या. सहा महिन्यांनी परतल्या तेव्हा छावणीत खुंटा होता, खुंट्याला दावं होतं, आणि रजिस्टरात म्हशीच्या नावापुढे 'पाण्याअभावी' एवढाच शेरा होता.

बायनाबाई पायरवाडीत राहायच्या, वर सांगितलेल्या हौदामागच्या बोळात, तिसऱ्या घरी. वय सत्तरीच्या पुढे, डावा डोळा मोतीबिंदूनं अधू, जीभ मात्र शाबूत. सगळा जिल्हा ज्या जागी हसायचा त्या जागी त्या पदरानं डोळे पुसायच्या आणि टीव्हीला शिव्या द्यायच्या. मनकर्णा सुट्टीला घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला.

"मने, आज तरी पाजलीस का गं तिला?"

"न्हाई माय. पुढल्या आयतवारी बघू."

"सोळा सालं झाली बघायलीस! अगं, कागदावरलं पाणी तर तुज्या हातातलं हाय. तितं बी दुष्काळ पाडायलीस व्हय?"

मनकर्णेला मनापासून लाज वाटायची. मग बायनाबाई शेवटचं सांगायच्या, "मी हाय तंवर पाज बाई. मेल्यावर मला टीव्ही कोण दावणारंय?"

तेव्हा मनकर्णेनं मनाशी ठरवलं. चार महिने राबून तिनं चार हजार चित्रं काढली. त्या भागात टँकर येतो, फोन वाजत नाही, मंत्री येत नाहीत, भाषण होत नाही, आणि चंद्री पोटभर पाणी पिते. सगळं जमलं, अडलं आवाजापाशी. संस्थेच्या म्हशीला फक्त रेकता येत होतं. पाणी पिण्याचा आवाज आठशे भागांत कुठेच नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. शेवटी एका मंगळवारी तिनं बायनाबाईंपुढे भरलेला तांब्या ठेवला, मोबाइल त्यांच्या गळ्याशी धरला आणि प्यायला सांगितलं. बायनाबाईंनी एकामागून एक तीन तांबे घटाघटा रिचवले. टंचाईच्या दिवसांत एका बैठकीला तीन तांबे, म्हणून नंतर दिवसभर त्या चोरी केल्यासारख्या वावरत होत्या.

हा भाग मंजुरीसाठी संचालक मंडळापुढे आला. सभेची विषयपत्रिका कायमची छापलेली होती. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. यालाच दोन तास लागायचे, कारण आपण मागच्या वेळी काय बोललो ते ऐकायला अर्जुनरावांना फार आवडायचं. मनकर्णेचा भाग नवीन असल्यामुळे तो अगदी शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात पडला. तोवर नाश्त्याची सुशीला ताटल्यांतून आली होती आणि संचालकांच्या तोंडात फोडणीचे मुरमुरे होते.

"म्हैस पाणी प्याली, तर मग पुढं काय दावायचं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"म्हैसच हाय साहेब. दुपारी पुन्हा तहानंल," मनकर्णा म्हणाली.

"आन् पितानी माजा आवाज कुठं येणार?" विमलबाईंनी ताटली खाली ठेवली.

सचिव राधाकिशन उठले. तीस वर्षं तीन संस्थांची इतिवृत्तं लिहिलेला हा माणूस; जगात कोणतीही गोष्ट पुढच्या सभेत वाचून कायम होईपर्यंत घडलेली नसते, अशी त्यांची निष्ठा होती. मालिकेत सरपंचाचा आवाजही त्यांचाच. "साहेब, आपली मालिका टंचाई जनजागृतीत मोडते," ते म्हणाले. "म्हैस प्याली की टंचाई संपली. टंचाई संपली की आपुन कशाचे?"

यावर सगळे गंभीर झाले आणि विषय पुढील सभेपुढे ठेवण्याचं सर्वानुमते ठरलं.

इथं पंचाईत झाली. चार महिने मनकर्णा एकाच भागात गुंतल्यामुळे तयार भागांचा साठा संपला होता. रविवारी दाखवायला काही नव्हतं. वाहिनीवाल्यांचे फोनवर फोन येऊ लागले. अर्जुनरावांना घाम फुटला, पण राधाकिशन शांत होते.

"नवीन कावून पायजे साहेब? आपुन सभेत काय करतो? आधी मागलं वाचतो. ह्यांना बी मागलं वाचू द्या की."

त्या रविवारी कोरडवाडीचे सरपंच, ड्रायव्हर सटवा आणि चंद्रीचा मालक म्हाळू असे तिघं पारावर येऊन बसले. सरपंच म्हणाले, "आठवतंय का, त्या साली टायर फुटलं होतं?" सगळे वर बघू लागले, पडद्यावर ढगासारखी नक्षीदार कड उमटली आणि तिच्या आत टायर फुटण्याचा जुना प्रसंग लागला. तो संपला. "आठवतंय का, तोटी निखळली होती?" पुन्हा ढगाची कड, पुन्हा जुना प्रसंग. अशा नऊ आठवणी झाल्या, सरपंच म्हणाले "सर्वानुमते कायम", आणि भाग संपला. मनकर्णेला फक्त ढगाची कड काढावी लागली. त्या वर्षी जिल्ह्याला ढग म्हणून जे काही दिसले ते सगळे मनकर्णेनं काढलेले होते.

आता प्रेक्षक खवळणार, शिव्यांची पत्रं येणार, मग आपला नवा भाग लावण्यावाचून गत्यंतर उरणार नाही, अशी मनकर्णेची आशा होती. पत्रं आली, पोतंभर आली. 'जुने दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले', 'कंठ दाटून आला', 'ते दिवस आता परत येणे नाही'. त्या नऊ आठवणींपैकी सहा मागच्या दोनच महिन्यांतल्या होत्या.

त्याच सुमारास वार्षिक तपासणीसाठी सहकार खात्याचे एक साहेब आले. त्यांनी मालिका बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अर्जुनराव, हा एकच भाग नियमात बसतोय. बाकीचे आठशे भाग मागला भाग कायम न करताच पुढं रेटलेत तुम्ही. सहकारात हे चालतं?"

"चुकलं साहेब," अर्जुनराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतिवृत्तात पहिल्यांदाच गेलं.

साहेब शेरा मारून गेले: 'यापुढे प्रत्येक भागात मागील भाग वाचून कायम केल्याखेरीज नवीन विषय घेऊ नये.' शेरा साधा होता, पण त्याचा हिशेब मनकर्णेला बसल्याजागी कळला. मागला भाग दाखवायचा, तर त्याच्यात त्याच्या मागला असणार, तोही आला. पहिल्या आठवड्याला वीस मिनिटांतली दहा मागल्यात गेली, दुसऱ्याला पंधरा, तिसऱ्याला साडेसतरा. सहाव्या आठवड्यात नव्यासाठी जो वेळ उरला, त्यात सरपंचांना फक्त "तर आता नवीन" एवढंच म्हणता आलं. सातव्या आठवड्यात तेवढंही उरलं नाही. पडद्यावर पार, पारावर सरपंच; त्यांच्या आठवणीच्या ढगात पार, त्यावर सरपंच; त्यांच्या ढगात पुन्हा पार. सातवा सरपंच मुगाच्या दाण्याएवढा होता आणि तोही "आठवतंय का" असंच म्हणत होता.

बायनाबाई टीव्हीला वहाण मारायला उठल्या. "ह्ये मागल्या आयतवारी झालं! त्याच्या मागल्या आयतवारी बी झालं! म्हशीचं काय केलंत मुडद्यांनो?"

बाकी सगळीकडे मात्र आनंदीआनंद होता. काम शून्य, पत्रं दुप्पट. अर्जुनरावांना तर आपण सहकाराचं मर्म शोधून काढलं असं वाटू लागलं आणि त्यांनी ते भावकीत वाटलं. मेहुण्याच्या दूध संघानं मागील वर्षीचं दूध वाचून कायम केलं. ते यंदाच्यापेक्षा भरपूर तर होतंच, शिवाय नासलं नाही. मधल्या भावाच्या सूतगिरणीच्या हायस्कुलात हेडमास्तरांनी दहावीचा मागचाच निकाल यंदाच्या मुलांना लागू केला. पहिली आलेली मुलगी दुसऱ्यांदा पहिली आली. ती वर्षभरापूर्वीच शाळा सोडून लातूरला शिकायला गेलेली होती, पण सत्काराला तिचा मागचा फोटो हजर राहिला आणि हेडमास्तरांनी त्यालाच पेढा भरवला. शेवटी ही पद्धत टंचाई कक्षापर्यंत पोचली. तिथं तर तिची वाटच बघत बसले होते.

पायरवाडीला टँकर यायचा त्या दिवशी मनकर्णा घरी होती. रस्त्याच्या कडेनं घागरींची रांग लागली होती. दहा वाजता ग्रामसेवक शहादेव आले, पण टँकर घेऊन नाही. त्यांनी पंचायतीचा टीव्ही ओट्यावर आणून ठेवला, बटण दाबलं, आणि पडद्यावर मागच्या वर्षीचा टँकर पायरवाडीत शिरला.

पहिल्यांदा लोक बावचळले. मग शेजारची सत्यभामा किंचाळली, "अगं बया, ही मी! माजं हिरवं लुगडं बघा!"

"ह्ये माजं डोस्कं," आश्रुबा पुढे सरसावले. गावातले सगळ्यात वयस्क, म्हणून त्यांना पुढे उभं राहायचा मान होता. "आन् घागर बघा बे, तवा पोचा न्हवता पडलेला!"

एकच हशा पिकला. पोरं पडद्यावरच्या पाण्याखाली हात धरू लागली. कोण कुणाला ढकलून पुढे घुसलं होतं ते पुन्हा बघायला मिळाल्यामुळे दोन जुनी भांडणं ताजी झाली, आणि लोकांनी "फिरून लावा, फिरून लावा" असा गिल्ला केला. टँकर तीनदा येऊन गेला. मग शहादेवांनी रजिस्टर फिरवलं आणि 'टँकर मिळाला' यापुढे सगळ्यांनी हसत हसत सह्या-अंगठे दिले.

"शहादेव," बायनाबाई रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या, "आन् पाणी?"

"मावशी, बघितलं न्हवं आत्ता? पुरे बारा हजार लिटर."

मायलेकी दोन मैल उतरून दरीतल्या विहिरीवर गेल्या. परतीच्या चढाला बायनाबाई धापा टाकत दगडावर टेकल्या आणि मनकर्णा त्यांच्याजवळ आपलं गाऱ्हाणं सांगत बसली. भाग तयार आहे, आवाज तयार आहे, पण नवीन विषय घेता येत नाही म्हणतात.

"त्यास्नी जुनंच पायजे ना?" बायनाबाई म्हणाल्या.

"हो."

"मग जुनं म्हणून दाव की. कोण मुडदा बघायलाय?"

मनकर्णा घागर डोक्यावर तशीच ठेवून आईकडे बघत राहिली. सोळा वर्षं संस्थेत काढून जे सुचलं नाही ते म्हातारीनं चढावर बसून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली. सातव्या ढगातला मुगाएवढा सरपंच तिनं काढून टाकला आणि त्या जागी आपला भाग बसवला, पडदाभर मोठा करून. सरपंचाच्या तोंडी वाक्य हवं होतं: 'आठवतंय का, चंद्री पोटभर पाणी प्याली होती ते?' राधाकिशनना बोलवायची सोय नव्हती, म्हणून जुन्या भागांतले शब्द वेचून तिनं ते जुळवलं. 'पाणी' हजार वेळा सापडलं. 'प्याली' सटवाच्या लग्नातून मिळालं. 'पोटभर' हा शब्द मात्र आठशे भागांत एकदाच आलेला निघाला, मंत्र्यांच्या जेवणाच्या प्रसंगात. राधाकिशननी भाग तपासायला घेतला, पहिलं मिनिट बघितलं, मागलंच आहे अशी खात्री झाली, आणि 'कायम' असा शिक्का मारला.

रविवारी मायलेकी टीव्हीपुढे बसल्या. ढगात ढग, पारात पार, सरपंचात सरपंच असं बराच वेळ झालं. मग टँकर आला. फोन वाजला नाही. सटवानं तोटी सोडली आणि घमेल्यात पाण्याची धार पडली. चंद्रीनं मान खाली घातली, नाकपुड्या फुगवल्या आणि प्यायला लागली. घमेलं संपलं, म्हाळूनं दुसरं ठेवलं. ती पीतच राहिली. तिच्या गळ्यावरून एकेक घोट खाली उतरताना दिसत होता, ते मनकर्णेनं चारशे चित्रांत काढलं होतं.

बायनाबाई टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतक्या पुढे सरकल्या. "पी बाई," त्या हळूच म्हणाल्या. "सावकाश पी. ठसका लागंल." मग एकदम मागे वळून म्हणाल्या, "मने, ह्यो घोट तर माजा हाय!" आणि हसता हसता त्यांना रडू आलं, रडता रडता पुन्हा हसू आलं. मनकर्णेलाही आपण सोळा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी काढलं असं वाटलं. त्या सकाळी पायरवाडीत त्या दोघींएवढं सुखी कुणी नव्हतं.

तेवढ्यात सत्यभामा दारात आली. "बघितलं का मावशी? लई जुना भाग लावलाय. माज्या लग्नाआधी बघितलता मी ह्यो."

"अगं, आजच काढलाय! पहिल्यांदा प्याली ती!"

"काय बोलायलाव मावशी! मला डोळ्यापुढं दिसायलंय, सांजंला चुलीपाशी बसून बघितलता. तवा काय एकेक भाग असायचे!"

पत्रांची दोन पोती आली. 'चंद्री पाणी प्यायली तो दिवस आमच्या घरात सणासारखा साजरा झाला होता.' 'तो भाग मी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला.' 'तो सुवर्णकाळ होता. हल्लीच्या मुलांना असे काढता येत नाही.' राधाकिशनना मात्र तो भाग आठवेना, आणि जे आपल्या रजिस्टरात नाही ते लोकांना आठवतं म्हणजे काय, या काळजीनं त्यांची झोप उडाली. तीन दिवस खपून त्यांनी आठशे भागांची दप्तरं उलथीपालथी केली. चंद्री कुठेही प्याली नव्हती. चौथ्या दिवशी मनकर्णेला अध्यक्षांपुढे उभं करण्यात आलं.

तिनं सगळं कबूल केलं. नोकरी गेली असं ती धरूनच आली होती. अर्जुनरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"राधाकिशन, म्हंजी जे झालंच न्हाई, ते बी लोकांना आठवतंय?"

"साहेब, झालेल्यापक्षी चांगलं आठवतंय."

"मागल्या निवडणुकीला आपुन पायरवाडीला काय देतो म्हणलोतो?"

"हौद, साहेब. निळ्या रंगाचा."

"मी हौद काढणार न्हाई," मनकर्णा ठामपणे म्हणाली.

अर्जुनराव मायेनं हसले. "मनकर्णाबाई, काढा म्हणतंय कोण? चित्राची गरजच संपली आता. नुसतं इचारायचं."

पायरवाडीत ग्रामसभा भरली. व्यासपीठावर अर्जुनराव, राधाकिशन आणि ग्रामसेवक शहादेव. विषय क्रमांक एक. राधाकिशननी चष्मा पुसला आणि सरपंचाच्या आवाजात विचारलं, "मंडळी, आठवतंय का, तीन सालामागं इथं निळा हौद बांधला होता?"

मनकर्णेला वाटलं, आता कुणीतरी उठून नाही म्हणेल. आश्रुबा उठले.

"हां," ते डोळे मिटून म्हणाले, "निळाच होता. कडेला पांढरी पट्टी."

"मी वाळवण घालायची की त्याच्या कठड्यावर," सत्यभामा म्हणाली. "एकदा शेवया आत पडल्या."

"माजं रेडकू पडलंतं त्यात! चौघांनी काढलं!"

"उद्घाटनाला जिलेबी होती!"

बघता बघता हौदाला पायऱ्या आल्या, झाकण आलं, तोटीचं कुलूप कुणी पळवलं यावरून दोघांची जुंपली. सभा रंगात आली. शहादेव लिहून घेत होते: 'पायरवाडी येथे हौद पूर्ण झाल्याचे व त्यात पाणी असल्याचे सर्वांस आठवते, सबब टँकरची आवश्यकता नाही.'

"कुठाय?" बायनाबाई उभ्या राहिल्या. "कुठाय हौद? दावा मला!"

लोकांनी कीव आल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं. "बायना," आश्रुबा प्रेमानं म्हणाले, "तुजी नजर कमी झालीया गं."

मनकर्णा आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "ऐका माजं. म्हैस कधीच प्याली न्हवती. ती मी आत्ता काढली, ह्या हातानं. तुमी ते पयल्यांदा बघितलंत. तसाच ह्यो हौद हाय. न्हाई इथं हौद!"

सभा हसली, वाईट हेतूनं नव्हे. "मनकर्णे," सत्यभामा म्हणाली, "तू घाटनांदूरला असतीस. तुला कसं आठवंल?"

हात वर झाले. दोनच हात खाली राहिले. एक नजरेमुळे व एक गैरहजेरीमुळे, अशी नोंद घेऊन ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

राहता राहिलात तुम्ही. पायरवाडीकरांना हसत हसत इथवर आलात, म्हणून एक गोष्ट कळवणं भाग आहे. बायनाबाईंचं घर 'वर सांगितलेल्या हौदामागच्या बोळात' आहे, असं आम्ही मघाशी लिहिलं होतं. त्याच्या वर कुठेही हौद सांगितलेला नव्हता. मागे जाऊन तपासायला हरकत नाही. तुम्ही ते वाचलंत, असेल म्हणालात आणि पुढच्या ओळीला लागलात. ठरावाला सूचक म्हणून आश्रुबांचा अंगठा आहे. अनुमोदकाचा रकाना रिकामा होता, तिथं तुमचं नाव घातलं आहे. बायनाबाई घागर घेऊन निघाल्या आहेत, तुमच्या दाराशी येतील. त्यांना हौद दाखवा.